वरच्यांचं स्वयंपाकघर

आमचा फ्लॅट विकत घेतलेला, पण जमीन सरकारी लीजवर. त्या लीजची पहिली मुदत संपली, तेव्हा नवऱ्याला पक्षाघात होऊन वर्ष होत आलं होतं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. फिजिओथेरपीच्या दिवशी त्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवावं लागे. पुढचे पाय मी धरायची, पाठ वरच्या मजल्यावरचे सरदारजी. आयुष्यभर सेक्टर ४३ च्या अड्ड्यावरून बस काढलेले निवृत्त ड्रायव्हर; कमरेची वाट लागलेली. जिन्याच्या वळणावर खुर्ची टेकवून ते म्हणायचे, "साइंटिस्ट साब, टिकट दिखाओ." नवरा अर्ध्या तोंडाने हसायचा. दिवसभरात तेवढंच.

एकदा सरदारजींचा पाय घसरला. खुर्ची कठड्याला अडकली म्हणून दोघे वाचले. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, तळमजला पाहिजे. भाड्याने देणाऱ्यांना आजारी माणूस नको होता. शेवटी पलीकडच्या ब्लॉकमध्ये एक घर विकत मिळत होतं, आमचा फ्लॅट विकला तर. पण मुदत संपलेल्या लीजचा फ्लॅट कोणी घेत नाही, आणि लीज वाढवून देण्याआधी सरकारी माणूस घर तपासून जातो. तो आला, नकाशा उलगडला आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. ती खोली नकाशात नव्हती; ती पाडल्याशिवाय लीज वाढणार नाही, म्हणाला.

तशी खोली आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांकडे आहे. तळमजल्यावाल्यांनी मागच्या अंगणात बांधली, तिच्या छतावर आम्ही, आमच्या छतावर सरदारजींनी. ठेकेदार एकच, उन्हाळाही एकच. काम झाल्यावर तिन्ही घरांनी मिळून लाडू वाटले होते. आता मला माझी खोली पाडायची तर आधी वरची उतरवायला हवी होती, आणि वरच्या खोलीत त्यांचं स्वयंपाकघर होतं. जुन्या स्वयंपाकघरात मुलगा आणि सून झोपत. खोली पाडून वरच्यांसाठी खांब उभे करू का, असं मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, खांबही नकाशात नाहीत.

मी वर गेले. सरदारजींनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नाही म्हणाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "भाभीजी, जान माँग लो. रसोई नहीं तोडूँगा." तिसऱ्यांदा गेले नाही. तळमजल्याच्या घराचे मालक रोज फोन करून विचारत होते की थांबायचं की दुसरं गिऱ्हाईक बघायचं. मी थांबा म्हणत होते. कशाच्या जोरावर, ते मलाच माहीत नव्हतं. वकिलाने हात वर केले होते. त्या दिवसांत मी भांडी घासताना रडायची, म्हणजे वेळ वाया जात नसे.

मग एका सकाळी, सरदारजी गुरुद्वाऱ्यात गेलेले असताना, त्यांची बायको खाली आली. बसली नाही. म्हणाली, आमच्याविरुद्ध तक्रार करा.

मला वाटलं, टोमणा मारतेय.

"सरकारची नोटीस आली तर ऐकतील. बाईमाणसाचं ऐकायची सवय नाही त्यांना. आणि नाव घालून करा, बिननावाची तक्रार कोणी वाचत नाही."

तुम्हाला काय मिळणार यातून, असं मी विचारलं.

"त्या खुर्चीबरोबर एक दिवस हे जातील. मग त्या रसोईत एकटीसाठी फुलके लाटत बसू?" दारापर्यंत जाऊन ती वळली. "मी सांगितलं म्हणून कधी सांगू नका. मला याच माणसाबरोबर राहायचंय."

मी तक्रार केली. नोटीस आली. सरदारजींनी दाराशी येऊन एवढंच विचारलं, "आपने लिखा?" मी हो म्हटलं. ते जिना चढून गेले. काही दिवसांनी वर घण पडायला लागले. सिमेंटची पूड आमच्या खिडक्यांतून आत येत होती, नवरा वर बघत होता, आणि मी त्याच्या शालीवरची पूड झटकत होते.

फिजिओथेरपीचा दिवस आला. मी नवऱ्याला खुर्चीत बसवून दार उघडं ठेवलं. वरून कोणी आलं नाही. शेवटी वर भिंत फोडणाऱ्या दोन मजुरांना पैसे देऊन बोलावलं. त्यांनी वळणावर न थांबता त्याला खाली नेलं.

खाली बाकावर सरदारजी बसले होते. नवऱ्याने चांगला हात वर केला. ते उठून आले, त्याची शाल सारखी केली, पंजाबीत तब्येत विचारली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

वर बाल्कनीत त्यांची बायको उभी होती. मी मान वर केली, तशी ती आत गेली. मी रिक्षाला हात केला.