चढावरचा थांबा

पत्नी वारली तेव्हा आमच्या वसाहतीत अजून बस येत नव्हती. हमरस्त्यावर उतरून चढ चढत यावं लागे.

नाशिकलगतची शेतं मोडून नवं शहर वसत होतं. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ नगररचना कार्यालयात त्याचे बसमार्ग आखत. संध्याकाळी बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या मागून, हात पाठीशी बांधून, ते सावकाश चालत. बाई पिशवी खाली ठेवी, तिथे खिशातल्या खडूने दगडावर खूण करत.

"काय हो भाऊजी, बायकांच्या मागे फिरता?" पत्नीने एकदा टोकलं. "नकाशात चढ दिसत नाही वाटतं?"

"चढ दिसतो, वहिनी. दम दिसत नाही," ते ओशाळून म्हणाले.

तिची पिशवी नेहमी गल्ल्यांच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली टेकायची. बसने तिथवर चढावं, असं त्यांचं म्हणणं. खालच्या चौकातल्या दुकानदारांना मात्र बस आपल्या दारातूनच मागे वळायला हवी होती, आणि कार्यालयातल्या साहेबांनाही ते पटलं होतं.

पत्नीच्या तेराव्यानंतर ते गृहस्थ घरी आले आणि दारातच उभे राहिले.

"कडुनिंबापर्यंत बस मंजूर झाली. साहेबांच्या हाती बटाट्यांची पिशवी दिली आणि म्हटलं, चला वर. तेही तिथेच टेकले."

मला हसू आलं, मग रडू आलं. "आता तिला काय उपयोग?" मी म्हणालो.

"बाकीच्या आहेत ना," ते म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

पुढे त्यांची बदली झाली. रस्ता रुंद करताना कडुनिंब गेला. बस अजून तिथेच थांबते.