दादाच्या होडीला पाडलेली भोकं

काल आमच्या कॉलनीच्या कमिटीनं माझ्या दादाच्या होडीला ड्रिलनं सहा भोकं पाडली.

श्रद्धांजली म्हणून.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळी गेटजवळ पाहते तर होडीत माती, मातीत झेंडू, पुढे हार घातलेला त्याचा फोटो.

भोकं कशाला, मी सेक्रेटरींना विचारलं.

"मॅडम, कुंडीतलं पाणी निघायला नको का?"

किळस आली. अजून येते आहे.

दादा गच्चीवर होडीला रेझिन लावायचा, तेव्हा हीच माणसं वासाची तक्रार करायची. नागपुरात समुद्र कधी येणार, असं लिफ्टमध्ये विचारून हसायची. आज फोटोसमोर हात जोडून सेल्फी.

रिटायर झाल्यावर दादानं ही प्लायवूडची होडी बांधायला घेतली. वरून फायबरग्लास चढवायचं होतं. लकडगंजच्या दुकानदारानं पुढ्यात स्वस्त मॅट टाकली, म्हणजे काचेच्या तंतूंची दाबलेली चटई, आणि पॉलिएस्टर रेझिन.

"काकाजी, पाण्याच्या टाकीले सारे हेच लावतात."

दादा म्हणाला, "टाकीत पाणी आत ठेवाचं असते गा. मले बाहेर ठेवाचं आहे."

आणि विणलेलं ग्लास कापड अन् महागाचं इपॉक्सी रेझिन घेऊनच निघाला.

पॉलिएस्टर लाकडाला धड धरत नाही, सालीसारखं सुटतं, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही सांगेन. कापड मी कापायची. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी शिकवलेलं शिवण असं कामी आलं. मे महिन्यात काम उजाडताच, कारण ऊन चढलं की इपॉक्सी मगमध्येच दगड.

शेवटचा थर वाळला आणि आठवड्यात तो गेला. होडीला पाणी लागलंच नाही.

आज ती मैत्रिणीच्या शेततळ्यात उतरवायची होती. त्यासाठीच गच्चीवरून खाली आणली होती. कमिटीला सांगितलंही होतं. सगळे "वा, छान" म्हणाले होते.

मघाशी झेंडू मातीसकट कमिटीच्या ऑफिसच्या दारात ओतले. सेक्रेटरी म्हणाले, पुट्टी भरून देतो. ती तुमच्या भिंतींना भरा, म्हटलं.

होडी आता माझ्या पार्किंगमध्ये उपडी आहे. भोकांच्या कडा उतरत्या घासायच्या, मग कापडाचे गोल तुकडे, लहानावर मोठा. दादाचं उरलेलं इपॉक्सी कपाटात आहे.

उद्या उजाडताच बसते. वासाची तक्रार घेऊन कोणी दार वाजवू नये.

दादा, तुझी होडी पाण्यात उतरायला थोडा उशीर होईल.

पाणी बाहेरच राहील.

नीट जा.