युनूसचाचांची हिरवळ

१४ जुलै २०२३, सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. जवळा बाजार या गावातल्या एका घराच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ कीटकनाशकाच्या बाटलीवरचा मजकूर मोठ्याने वाचत होते. ऐकणारे कोणी नव्हते. मी फाटकाबाहेर थांबले. एका ओळीपाशी ते अडले, ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली आणि मान वर करून मलाच विचारले, "फुलोऱ्यात मधमाश्या येऊन राहिल्या तर फवारू नये, असं लिव्हलंय. तू शिकलेली दिसतीस. हे गवत पिकात धरायचं का न्हाई?"

"माशीच्या दृष्टीने फूल म्हणजे फूल," मी म्हणाले.

त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट लावले. "मंग आज कॅन्सल. आता बोल, तुजं काय काम हाय?"

माझे काम त्याच माश्यांपाशी होते. आसपासच्या तुरीवर येणाऱ्या रानमाश्या शेताबाहेर कोठे राहतात, हा माझ्या पीएच.डी.चा प्रश्न. हट्टा गावातल्या माझ्या घरून परभणीला जाता-येताना मी रस्त्याकडेच्या जागा पाहत असे. या गृहस्थांच्या, म्हणजे युनूसचाचांच्या, अंगणातल्या हिरवळीत कंबरमोडीची फुले होती आणि फुलांवर करड्या रंगाच्या बारीक माश्या. एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट ठेवून दहा मिनिटांत किती माश्या येतात ते मोजण्याची परवानगी मी मागितली. "मोज की," ते म्हणाले. "गवताला नजर लागत न्हाई."

चाचांचे आयुष्य कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यामागे गेले होते. औषधाची बाटली देण्याआधी तिच्यावरचे लेबल ते गिऱ्हाईकाला पूर्ण वाचून दाखवत. घाईतला शेतकरी वैतागला तर म्हणत, "लेबल ऐकायला टाइम न्हाई, तर औषध बी न्हाई." पुष्कळ गिऱ्हाइके याच कारणाने समोरच्या दुकानात गेली. दुकान बंद झाले तरी सवय सुटली नाही. बिस्किटाचा पुडा, खोकल्याचे औषध, साबणाची वडी, सगळे मोठ्याने वाचूनच उघडले जाई.

विषाची तीव्रता दाखवण्यासाठी बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. चाचा माणसांनाही याच हिशेबात बसवत. त्यांचा मेव्हणा लाल. पोस्टमन हिरवा. "आन तू निळी," ते मला म्हणाले. "जपून वापरायची, पण कामाची." ते स्वतः कोणते, असे मी विचारले. "आमच्या बेगम होत्या तंवर पिवळा होतो. आता कोणाला तकलीफ द्यावी?"

हिरवळ लावण्याचे बेगमनेच ठरवले होते. मुलगा इम्रान पुण्यात नोकरीला. त्याच्या सोसायटीत हिरवळ होती आणि नात झोया त्यावर दिवसभर खेळे. इथेही तशी असली तर लेकरू रमेल, म्हणून फरशी उखडून गवत लावले गेले. वर्षभरात बेगम गेल्या. जवळा बाजारात गवत पोसणारा माणूस हा चेष्टेचाच विषय होता. "चाचा, चारा तयार हाय, म्हैस कवा आणून राहिले?" असे रस्त्यावरून कोणीतरी विचारून जाई. चाचा शांतपणे सांगत, "म्हैस पुण्याला शिकून राहिली."

पण त्याच गवतात एका सुट्टीत झोयाचा अनवाणी पाय माशीवर पडला. पाऊल सुजले, ताप आला. अंगणात माश्या आहेत तोवर मुलीला आणणार नाही, असे सुनेने सांगितले. चाचा औषधाची बाटली घेऊन बसले होते ते त्यासाठी. माझे उत्तर त्यांना किती महागात पडले, हे मला त्या दिवशी कळले नव्हते.

ते कळल्यावर मी एक योजना मांडली. गवत एकदम कापायचे नाही. आज एक बाजू, पंधरवड्याने दुसरी. कापलेल्या बाजूला फुले नसतील, म्हणून माश्याही नसतील. झोयाने तिथे चप्पल घालून खेळावे. कुंपणाजवळचा उघड्या मातीचा कोपरा मात्र तसाच ठेवावा. चाचांनी व्यापाऱ्यासारखी घासाघीस केली. "कोपरा अर्धा." मी नाही म्हणाले. "बरं, पूरा घे. पण पोरगी आली की तू यायचं, सुनेला समजावून सांगायचं. माजं कोण ऐकतंय?"

पुढच्या जूनमध्ये बकरी ईदला इम्रान, सून आणि झोया येणार असे ठरले. चाचांनी मला दोनदा फोन करून सांगितले. परभणीचे काम आटोपून मी ईदच्या दुसऱ्या दिवशी पोहोचले. फाटक उघडले आणि जागीच थांबले. संपूर्ण हिरवळीवर, उघड्या मातीच्या कोपऱ्यासकट, मंडपवाल्याचे हिरवे कारपेट अंथरले होते. कडांवर विटा ठेवल्या होत्या. कारपेटच्या मधोमध खुर्ची टाकून, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, चाचा एकटे बसले होते.

"झोया आत आहे?" मी विचारले.

"आली न्हाई. इम्रानला सुट्टी भेटली न्हाई. दिवाळीत बघू म्हणला." मग ते किंचित हसले. "सुनेनं फोनवर इचारलं, माश्यांचं काय केलं? म्हणलो, मारलं न्हाई, झाकून टाकलं. तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करून राहिला."

कोपऱ्याशी दहा-बारा माश्या घिरट्या घालत होत्या. कारपेटवर उतरत, थोडे चालत, पुन्हा उडत. त्यांच्या पायांना पिवळे परागकण चिकटलेले होते. चाचा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. मी त्यांना सांगितले की ही जात पोळे करत नाही. हिच्यात राणी नसते, कामकरी नसतात. प्रत्येक मादी स्वतःचे बीळ खणते, त्यात अंडी घालते आणि एकटीच अन्न आणून ठेवते.

"म्हंजे हरेकीचं घर येगळं?"

"हो."

"आन आत लेकरू."

"हो."

"सगळं वाचून करतो मी," ते म्हणाले. "कारपेटला लेबल नसतं, बेटा."

आम्ही विटा उचलल्या आणि कारपेट गुंडाळले. खालचे गवत पिवळे पडले होते. बिळांची तोंडे दबून बुजली होती. तरी काही माश्यांनी माती उकरायला लगेच सुरुवात केली. चाचा गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि शेवटची माशी आत शिरेपर्यंत तसेच उभे राहिले. मंडपवाला कारपेट न्यायला आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "ह्याच्यावर लिहून ठेव, खाली कोणी राहत असल तर अंथरू नये." मंडपवाल्याने मान डोलावली आणि कारपेट गाडीत टाकले.

दिवाळीतही कोणी आले नाही. चाचा त्याबद्दल तक्रार करत नसत. "माणूस कामात राहतं," एवढेच म्हणत. हिवाळ्यात त्यांना दम लागू लागला. मी परभणीत प्रबंधाची प्रकरणे लिहीत होते. त्यांचा फोन संध्याकाळी येई. नवे औषध दिलेय, अक्षर फार बारीक आहे, असे सांगून ते फोटो पाठवत. मी लेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवी. त्यांना ते अक्षर नीट दिसत होते, हे मला ठाऊक होते. वाचून झाले की ते म्हणत, "बराबर. मला बी असंच वाटलं," आणि तरी फोन ठेवत नसत.

जानेवारीत ते गेले. मी पोहोचले तेव्हा दफन होऊन गेले होते. इम्रान पाहुण्यांमध्ये होता. झोया ओसरीच्या पायरीवर उभी होती. खाली उतरत नव्हती. हिरवळ सुकली होती, तिच्यावर एकही फूल नव्हते.

"माश्या कुठे गेल्या?" तिने मला विचारले.

"जमिनीखाली आहेत. पावसाळ्यात बाहेर येतील."

"तेव्हा आम्ही इथे नसू," ती म्हणाली. तिने पायरीवरून एक पाऊल खाली ठेवले, गवतावर दोनदा दाबून पाहिले आणि ते मागे घेतले.

जाताना इम्रानने फाटकाची किल्ली मला दिली. "अब्बा म्हणायचे, मोजणी अर्धी सोडायची नसते. घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत येत जा. मी एकदा सुट्टी काढायला हवी होती, नाही का?"

गेल्या ऑगस्टमध्ये मी ते फाटक उघडले. खिडक्या बंद होत्या. सात महिने गवत कोणी कापले नव्हते, त्यावर कोणी चालले नव्हते. कंबरमोडी भिंतीपासून भिंतीपर्यंत फुलली होती आणि कोपऱ्यातली माती बिळांनी भरली होती. परागण करणाऱ्या कीटकांसाठी याहून चांगली जागा माझ्या संपूर्ण अभ्यासक्षेत्रात नव्हती. तसे मी प्रबंधात लिहिले आहे. कारणाच्या रकान्यात 'मानवी वावर नाही' असेही. चौकट ठेवली आणि घड्याळ लावले. आकाश निरभ्र, वारा मंद, एक चौरस मीटर, दहा मिनिटे: एकेचाळीस.