उंटकटाऱ्याची बाग

दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती. जाफराबादकडच्या एका शाळेत मी शिक्षिका होते आणि शाळेच्या मागच्या भिंतीलगत मी तण लावलं होतं. हो, लावलं होतं. पिवळा धोत्रा, रिंगणी आणि उंटकटारा. बांधावरून बी आणायचं, पावसाआधी फेकायचं, गुरं शिरू नयेत म्हणून बोरीच्या फांद्या आडव्या टाकायच्या, एवढीच मेहनत. फाल्गुनात सगळं शिवार करपून जाई तेव्हा तेवढी पट्टी पिवळी, जांभळी, निळसर होऊन उभी असे. मधमाश्या, फुलपाखरं, सगळी तिथंच. त्या उजाड गावात मला दिवसभर पाहत बसावंसं वाटेल असं दुसरं काही नव्हतं.

शेजारीण हसून म्हणे, “लोकं तण उपटून राह्यले, अन् बाई, तुमी लावून राह्यल्या!”

हेडमास्तरांना मात्र यात गंमत दिसत नसे. बाग म्हणजे चुना फासलेल्या विटांची रांग, अशी त्यांची पक्की समजूत. त्या विटांच्या आत काही उगवलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट नव्हता.

एका फाल्गुनात तपासणीला साहेब येणार अशी वर्दी आली. आदल्या दिवशी मी कामासाठी बाहेरगावी गेले होते. परतले तर भिंत उघडीबोडकी आणि माझी बाग उकिरड्यावर जळत होती. तिच्या जागी घराघरांतून तोडून आणलेल्या जास्वंदीच्या अन् बोगनवेलीच्या फांद्या ओल्या मातीत खोचल्या होत्या. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे बागा अशाच एका दिवसात वाढत. मुळांची भानगडच नाही.

“कशी दिसून राह्यली? एकदम बराबर ना?” हेडमास्तर म्हणाले. मला रडू फुटलं, तेही संतापानं. त्यांना वाटलं, मी भारावले.

साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. जास्वंदीनं माना टाकल्या होत्या. साहेब पुढं गेले आणि पाण्याच्या टाकीमागं थांबले. तिथं एक उंटकटारा उरला होता. काट्यांना भिऊन त्याला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या गोल गोंड्यांवर मधमाश्यांची झुंबड उडाली होती.

“वा! हे कोणी लावलं?”

“मीच, साहेब. पाखरांसाठी.” मी हातभर अंतरावर उभी होते. माझ्याकडे बघायचं मात्र हेडमास्तरांनी टाळलं.

“छान. पुढच्या वर्षी ही सगळी भिंत अशी दिसली पाहिजे. तुम्ही स्वतः लक्ष घाला.”

जीप गेल्यावर हेडमास्तर हळूच जवळ आले. “बाई, ह्याचं बी असंल ना तुमच्यापाशी?”

“होतं की, सर. काल तुमीच जाळलं.”

चैत्रात त्या एकुलत्या झाडाचे गोंडे वाळले. भर उन्हात हेडमास्तर रुमाल पसरून टाकीमागं बसले आणि एकेक गोंडा खुडू लागले. काट्यांनी बोटं रक्ताळली. “अगं आई गं!” शाळाभर ऐकू येत होतं. हे काम सांडशीनं सहज होतं. माझ्या घरी चांगली लांब दांड्याची सांडशी होती. मी ती त्यांना दिली नाही. पायरीवर बसून सगळा रुमाल भरेपर्यंत बघत राहिले.