भिकाअण्णांचं शेवटचं कडवं

परवा एकादशीला चितेगावला गेलो होतो. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या गावी सप्ताह होता. मंडपात जाऊन टेकलो, कुणीतरी चहा हातात दिला... आणि टाळकऱ्यांनी गाणं उचललं. 'पुसत पुसत आलो तुझ्या दारी...'

चहा तसाच राहिला. हे गाणं भिकाअण्णांचं.

भिकाअण्णा कन्नड गावचे, चौथी शिकलेले. आधी लोकनाट्यांची गाणी लिहिली, मग शहरातल्या नाटकांची. पन्नाशी उलटल्यावर मुंबईच्या एका सिनेमाचं काम आलं. सिनेमा चालला नाही, हे एक गाणं तेवढं राहिलं.

अण्णांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. मी तेव्हा शहरात, गुलमंडीजवळ, अण्णांच्या शेजारीच खोली करून राहायचो. गावच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतल्यामुळे माझं अक्षर बरं होतं, म्हणून त्यांची गाणी मी फेअर करून द्यायचो. जेवण त्यांच्याकडेच, काकूंच्या हातचं असायचं.

आपल्याकडे भजन रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. इतकी वर्षं नाटकाची गाणी लिहिली, अण्णांनी कधी नाव घातलं नव्हतं. सिनेमातला प्रसंग भजनाचा होता, म्हणून या गाण्यात पहिल्यांदाच घातलं.

एका दुपारी खोलीखालच्या दुकानात मुंबईहून फोन आला. गाणं लांबतंय, शेवटचं कडवं काढा आणि आजच कुरिअर करा. अण्णा गावाकडे गेलेले. एसटीने कन्नड काही लांब नाही... जाऊन विचारता आलं असतं.

पण ते नाही म्हणतील, सिनेमा हातचा जाईल, अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामागे मुंबईला जायचं माझंही स्वप्न होतं. मी नवा कागद घेतला, दोनच कडवी उतरवली आणि पाकीट बंद केलं. त्यांना सांगितलंसुद्धा नाही.

त्यांना कळलं ते थेटरात. बाहेर आल्यावर मी सगळं कबूल केलं. अण्णा एवढंच म्हणाले, "अक्षर मात्र लई छान हाय तुझं."

त्यानंतर त्यांनी मला एकही गाणं उतरवायला दिलं नाही. पाच वर्षांपूर्वी गेले. मी मातीला गेलो होतो, पण मागेच उभा राहिलो...

तर परवा भजन संपल्यावर मी बुवांजवळ गेलो. म्हटलं, हे कुणाचं आहे, माहीत आहे का?

"पारंपरिक हाय, सर. आमचा आजा म्हणायचा."

मी म्हटलं, आजोबा कसे म्हणतील, हे सिनेमातलं आहे, कन्नडच्या भिकाअण्णांनी लिहिलंय. बुवा हसले. "काय बी सांगता! त्यांचं असतं तर शेवटाला नाव नसतं का घातलं? बिननावाचं भजन म्हंजे जुनंच."

नाव गाळणारा त्यांच्यासमोरच उभा होता. आणि ते कडवं मलाही आठवेना.

काल रविवारी कन्नड गाठलं. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. "ये. चष्मा लागला व्हय तुला बी? म्हणूनच घर दिसत नव्हतं इतके दिस."

मी पाया पडलो, चितेगावचं सांगितलं. काकूंनी शेंगा जरा बाजूला सारून मला ओट्यावर जागा केली. मग म्हणाल्या, "थेटरात मी बाजूलाच बसलेली. नाव आलं की देवाला हात जोडायचे म्हणून त्यांनी आधीच हात जोडून ठेवले होते. गाणं सरलं... हात तसेच."

हे मला माहीत नव्हतं. मी मागच्या रांगेत होतो.

मी विचारलं, काकू, ते कडवं कुठं लिहिलेलं आहे का?

"मला कुठं वाचता येतं? पाठ हाय. लिहिलं की पहिल्यांदा मलाच ऐकवायचे ते. घे कागद."

त्यांनी चालीत म्हटलं, शेंगा फोडता फोडता. मी लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. माणसानं काय मागितलं होतं, तर दाराशी बसायची जागा. तेवढीही मी ठेवली नव्हती...

आज बुवांना कागद पोचवला. त्यांनी दोनदा वाचला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "चुकलंच की, सर, आमचं." म्हटलं, बुवा, तुमचं नाही.

तुमच्या गावात हे भजन म्हणत असतील, तर शेवटी एवढं जोडा. हात जोडून विनंती आहे.

भिका म्हणे तुझ्या दारीच राहीन ।
वहाणा पाहीन सकळांच्या ॥