बिनसहीचं समन्स

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, यांनी आयुष्यात कुणालाही कुठलीही वस्तू पोच घेतल्याशिवाय दिलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दिवाणी कोर्टात तीस वर्षं बेलिफ होते. कोर्टाची समन्सं घरोघर नेऊन द्यायची आणि सही घ्यायची, हे काम. ते अंगात असं भिनलं की डोंबिवलीत आमच्या घरी दिवाळीचा फराळ आणला तरी डब्याआधी खिशातली वही पुढे यायची. "चकल्या अकरा. सही करा, जावईबापू." एक चकली वाटेत मोडली होती, तर तसा शेरा मारून मग सही घेतली! धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा आम्ही घरी नव्हतो. दुसरा कुणी असता तर शेजाऱ्यांकडे ठेवून गेला असता. मामांनी शेजारच्या दोघांना बोलावलं, त्यांच्यासमक्ष पत्रिका आमच्या दाराला चिकटवली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. खळ मामीच्या मैद्याची, कारण विकतच्या डिंकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पुढे आठवडाभर मजल्यावरचे लोक आमच्याकडे बघून हळू आवाजात बोलत होते. आमच्यावर जप्ती आली असं त्यांना वाटलेलं, आणि मी कुणाकुणाला पत्रिका दाखवत फिरणार?

समन्स चुकवणाऱ्यांचं तर विचारूच नका. एक गृहस्थ आत बसून बायकोकडून "गावाला गेलेत" म्हणून सांगवत होते. मामा मान डोलवून जिन्यात बसले. तासाभरात बोंबील तळल्याचा वास आला तसे उठले आणि बेल वाजवून म्हणाले, "वहिनी, शेजारी सांगतात तुम्ही माळकरी आहात. मग हे कुणासाठी चाललंय?" गृहस्थ निमूट बाहेर आले आणि सही करून गेले. समन्स न देता परत आलो असं कधी झालं नाही, हा मामांचा मोठा अभिमान. मामी म्हणायची, "यम आला तरी आधी त्याच्याकडे ओळखपत्र मागतील." आणि मामांबरोबर कुठेही जायचं म्हणजे साक्षीदार म्हणून आपली सही ठरलेली. मी चुलतभावाच्या मुलाच्या बारशाला निघालो आणि वाटेत तिघांच्या समन्सांवर साक्षीदार झालो, असंही घडलंय.

मामांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मी टिटवाळ्याला नवी बिल्डिंग बघायला चाललेलो. मामा म्हणाले, मीही येतो, तिकडेच दोन मिनिटांचं काम आहे. त्यांच्या दोन मिनिटांचा मला अनुभव होता, पण नाही कसं म्हणणार? तिसऱ्या मजल्यावर एका साठीच्या बाईंनी दार उघडलं. कपाटावर बुद्धमूर्ती, शेजारी लष्करी गणवेशातल्या मुलाचा फोटो. बाईंनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. घर मुलाच्या नावावर, पतपेढीचं कर्ज काढून घेतलेलं. नवऱ्याच्या आजारपणात हप्ते थकले, नवरा काही वाचला नाही. मुलगा सरहद्दीवर, फोन लागला तर लागला. घराचा ताबा मिळावा म्हणून पतपेढीने दावा लावला होता. बाईंनी तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. चष्मा लावला, पेन मागितलं आणि कागद पुढे ओढला.

मामांनी तो मागे ओढला.

"सही करू नका, ताई."

"का? घेतलंय ते द्यायचंच आहे. आम्ही पळून जाणारी माणसं नाही."

"म्हणूनच सांगतो. तुम्ही सही केलीत की समन्स पोचलं असं धरतील. तारखेला तो येऊ शकणार नाही, आणि त्याच्या पाठीमागे निकाल होऊन घर जाईल. शिपाई सरहद्दीवर असताना असं करता येत नाही. समन्स त्याच्या पलटणीच्या साहेबांकडे जायला हवं. तसा कायदा आहे."

मी तोंडाचा आ वासून बघत राहिलो. बाईंनी मुलाच्या पत्राचं पाकीट आणलं, मामांनी त्यावरून पलटणीचा पत्ता मोत्यासारख्या अक्षरात उतरवला, आणि समन्सावर 'प्रतिवादी सैन्यात, सरहद्दीवर. बजावणी नाही' असं लिहून खाली माझी सही घेतली. पतपेढीचा वकील खूप तणतणला. पण कागद पलटणीत गेला, तिथल्या साहेबांचा दाखला आला आणि मुलगा परत येईपर्यंत दावा थांबला.

वर्षभराने तो सुट्टीवर आला. पतपेढीत बसून नवे हप्ते ठरवून घेतले, घर राहिलं. मामांना त्याने चहाला बोलावलं, सोबत मीही गेलो. मामा उंबऱ्याशी येऊन थबकले. इतकी वर्षं लोकांच्या दारापर्यंतच जायची सवय, पाय काही आत पडेना. शेवटी बाईच बाहेर आल्या आणि हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मामा कपबशी हातात धरून भिंती, खिडक्या, स्वयंपाकघर नुसते बघत राहिले. चहा पार गार झाला.

खाली आल्यावर मी विचारलं, "मामा, हा कायदा तुम्हाला शिकवला कुणी?"

मामा म्हणाले, "नोकरीत नवा होतो. ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागे, असंच एका शिपायाचं घर. दार बंद होतं. मी दोन साक्षीदार घेतले आणि समन्स दाराला चिकटवलं, अगदी नियमाने. कोर्टातही कुणी काही विचारलं नाही. तो सुट्टीवर आला तेव्हा दाराला दुसऱ्याचं कुलूप. कागदावर माझं नाव वाचून तो मला शोधत आला. मला वाटलं आता मारतो. तर विचारतो कसा, 'दादा, आई कुठे गेली काही माहिती आहे का?'"

"मग?"

"कल्याणला तिच्या बहिणीकडे होती. मीच नेऊन सोडलं त्याला. रस्ताभर मला दादा दादा म्हणत होता हो."

मी रिक्षाला हात केला आणि मामांना आधी बसवलं.