आंबे संपल्यावर करायचा सीन

ह्यांचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. "सदा गेला," एवढंच म्हणाले. त्या सकाळीच भाऊजींनी माझ्याकडचा डबा नको म्हणून सांगितलं होतं. हॉस्पिटलातली पेज बरी लागते म्हणे. इतकी वर्षं माझ्या हातचं मिटक्या मारत खाणाऱ्या माणसानं जाता जाता दुसऱ्याच्या हातची पेज गोड मानावी, याचा मला राग आला होता. खरं सांगायचं तर आज इतक्या आठवड्यांनंतरही तो पुरता गेलेला नाही. ज्याच्यावर रागवायचं ते माणूसच उरलं नाही, म्हणून तो तसाच राहून गेलाय.

सदानंद माझे धाकटे दीर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत एका डबिंग स्टुडिओत काढली. लग्न केलं नाही, कारण विचारलं की म्हणायचे, "वहिनी, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकतो, घरी तरी शांतता हवी ना." त्यांचं काम नक्की काय, हे रत्नागिरीत फार कमी लोकांना कळलं. ते मात्र न कंटाळता समजावून सांगत. शूटिंग चालू असताना वारा, गाड्या, कुत्री, काय वाटेल ते आवाजात शिरतं. मग नट नंतर बंद खोलीत उभा राहतो, पडद्यावर स्वतःचेच ओठ बघत तेच संवाद पुन्हा म्हणतो, आणि भाऊजी तो नवा आवाज जुन्या ओठांवर बसवतात. लोक सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "बरं, पण तू करतोस काय?" माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायच्या की आमचा सदा रेडिओ दुरुस्त करतो.

मुंबई सोडून ते परत आले तेव्हा आम्हाला वाटलं, थकले असतील. तसं ते थकलेही होते, पण मनात दुसरंच काही सलत होतं, ते एकदा जेवताना बोलून गेले. कोकणातली म्हातारी पडद्यावर आली की चेहरा इथला, लुगडं इथलं, आणि तोंड उघडलं की आवाज दादरच्या कुठल्यातरी बाईचा. तो आवाज चिकटवणारे हात भाऊजींचेच. "आयुष्यभर लोकांच्या तोंडात दुसऱ्यांचे आवाज कोंबले, वहिनी. एकदा तरी आपल्याकडच्या माणसाला त्याच्या आवाजात बोलताना पडद्यावर ऐकायचंय." एवढं म्हणून त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली.

त्यांनी आमच्या आंब्याच्या खोलीत स्वतःचा छोटा स्टुडिओ थाटला. एका कोपऱ्यात काच बसवून आपल्या यंत्रांची जागा केली, बाकी खोली माइकला आणि पडद्याला. ह्यांची अट एकच होती, आणि भाऊजींनी ती आनंदानं मानली. आंबा उतरायला लागला की माइक कपाटात आणि आढी खोलीत. आंब्याचे दिवस संपेपर्यंत तिथे पेंढा, आंबे आणि त्यांचा घमघमाट, डबिंग बंद. एकदा एक निर्माता आगाऊ न कळवता मुंबईहून गाडी घेऊन दारात आला. त्याला भाऊजींनी आढी दाखवली, तिथेच दोन आंबे चोखायला लावले आणि हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत सोबत जाऊन परत पाठवून दिलं. असा धंदा करतात का कोणी? पण त्यांच्याकडे माणसं पुन्हा पुन्हा यायची, हेही खरं.

पारूबाई आली ती अशाच एका सिनेमाच्या कामासाठी. पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकानं हर्णै बंदरात शूटिंग केलं होतं, आणि मासे विकणाऱ्या बाईचं मोठं काम त्यानं तिथल्याच मासळीच्या लिलावात बसणाऱ्या पारूबाईला दिलं होतं. काम तिनं झकास केलं. आवाजाचा मात्र पार चुथडा झाला होता, होड्यांची इंजिनं, कावळे आणि लिलावाचा कल्ला यांत तिचा एक शब्द धड ऐकू येईना. पोरगा म्हणाला, मुंबईत एक चांगली नटी आहे, तिच्याकडून सगळं म्हणून घेऊ. भाऊजी खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, हिचाच आवाज घ्यायचा. ती नटी नाही, तिला ओठ जुळवता येणार नाहीत, असं तो म्हणाला तर भाऊजींचं उत्तर तयार, ओठांचं माझ्यावर सोड.

पारूबाई दापोलीला एसटी बदलून, पिशवीभर सुके सोडे घेऊन आली आणि आल्या आल्या माझ्या माशाच्या कालवणाला नावं ठेवून मोकळी झाली. पण खोलीत कानाला हेडफोन लागले आणि सगळंच बिनसलं. पडद्यावरची पारू पापलेटाचा भाव सांगायची. खालच्या पारूनं तोच भाव पुन्हा म्हणायचा होता, तर ही तिच्याशीच घासाघीस करायला लागली. सवयच ती, समोरून भाव आला की पाडून मागायचा. भाऊजींनी समजावलं, मग ती अगदीच गप्प झाली. "समोर मानूसच नाय," ती म्हणाली, "तर बोलू कुनाशी?"

भाऊजी काचेमागून बाहेर आले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हाच ओळखलं, आता काही आपली धडगत नाही. त्यांनी मला स्टुलावर तिच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून बसवलं. पडदा बंद केला. पारूबाईनं माझ्याशी बोलायचं आणि मी हातांनी, भुवयांनी, मान हलवून भाव करायचा, तोंडातून हूं की चूं काढायचं नाही, माइकला ऐकू जाईल म्हणून. मला! भाऊजी किती खूश होते ते काय सांगू. म्हणाले, "या घरात तुम्हाला गप्प बसवणारं यंत्र शेवटी मीच आणलं." पण युक्ती लागू पडली. मी नाक मुरडलं की पारूबाई पेटायची, उठून जायचं सोंग केलं की आवाज मऊ करून परत बोलवायची. वाक्यं तीच, पण कधी भरभर, कधी रेंगाळत. मग ते सगळं तिच्या ओठांवर बसवायचं काम भाऊजींचं. दोन शब्दांमधली जागा कुठे कातरायची, कुठे आवाज केसभर मागे सारायचा. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात, तेवढे नेमके बसले की बाकीचं डोळा चालवून घेतो, हे मला त्यांनीच दाखवलं. एव्हाना त्यांना दम लागत होता. उठवत नसे, म्हणून रेकॉर्डिंग सुरू करायचं बटण ते मला दाबायला सांगत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसत.

शेवटी एकच सीन उरला. सिनेमात पारूच्या नवऱ्याची होडी परत येत नाही, आणि बऱ्याच दिवसांनी ती पुन्हा लिलावाला येऊन बसते. त्याच होडीवर जिचा नवरा होता ती शेजारीण लांब उभी असते, तिला पारू एवढंच म्हणते, मासा कुणासाठी थांबत नाही, बस माझ्या बाजूला. हे वाक्य पारूबाईकडून काही केल्या येईना. येई ते खेकसल्यासारखं. ती दमली होती, आणि ओटीवर आंबे येऊन पडले होते. भाऊजी म्हणाले, "राहू दे. आंबे संपले की करू." दिग्दर्शकही बरं म्हणाला. आमच्या घरात ही इतकी साधी गोष्ट होती की कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आढी लागली, आणि ती उपसायच्या आत भाऊजी गेले.

पुढे दिग्दर्शकाचा फोन आला. बिचारा रडला. मग चाचरत म्हणाला, काकू, एकाच वाक्याचा प्रश्न आहे, तेवढं त्या मुंबईच्या बाईंकडून म्हणून घेऊ का, आवाज जवळपास तसाच काढतात, कोणाला कळणारही नाही. मी म्हटलं, बाळा, ज्याला कळलं असतं त्याच्यासाठी थांब. इतकं धीटपणे बोलले खरी, पण पुढचं काहीच ठरवलं नव्हतं. पारूबाईला सांगायचं कसं, आणि ती आली तरी घेणार कोण?

पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाली आणि ती आपणहून भेटायला आली. ओटीवर बसली, ह्यांच्याशी दोन शब्द बोलली, पाणी प्यायली. मग मला म्हणाली, "वयनी, माजं एक वाक्य ऱ्हायलंय ना?" आम्ही दोघींनी मिळून खोलीतला उरलासुरला पेंढा झाडून काढला. कपाटातून माइक काढला. मी ते बटण दाबलं आणि तिच्यासमोर स्टुलावर जाऊन बसले. ह्या वेळी भाव करायचा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं तेही सुचेना. ती माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांत मला कोणी असं नीट बघितलं नव्हतं, जो तो ह्यांची विचारपूस करी, भाऊ गेला म्हणून. वहिनीचं काय जातं? मग ती अगदी हळू म्हणाली, "मासा कुनासाठी थांबत नाय, बाय. बस माज्या बाजूला."

मी तोंडात पदर कोंबून रडले. आवाज होऊ दिला नाही.

ते वाक्य भाऊजींच्या मुंबईतल्या जुन्या सोबत्यानं ओठांवर बसवलं. सिनेमात आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत पारूबाई स्वतःच बोलते. त्या सोबत्यानं नंतर फोन करून एवढंच विचारलं, की वाक्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ काहीच नाही, यंत्र बंद करायला विसरलात का? मी हो म्हटलं. त्याला काय सांगणार... टेक झाला की काचेमागून भाऊजी म्हणायचे, "हं, बोला आता वहिनी," आणि मगच मी तोंड उघडायची. त्या दिवशी तसं कोणी म्हणालं नाही, आणि आम्ही दोघी गप्पच बसून राहिलो.